सुरतेहून खेळलेलं वॉटर्लू

इंग्रजांचं पायदळ मी माझ्या नेलपॉलिशनं रंगवलं होतं. राजवाड्यामागच्या बांगडीवाल्याकडून हौसेनं आणलेलं, लालभडक, आणि बोटांना लावायची हिंमत न झालेलं. एकेक शिपाई आमचे हे खिडकीच्या उजेडाकडे धरून बघायचे आणि म्हणायचे, "जरा जास्तच लाल नाही झाले?"

"लढाईला चाललेत, तेराव्याला नाही," मी म्हणायची.

"चमकतायत पण."

"चमकू द्या. शत्रूचे डोळे दिपतील."

तेव्हा मला प्रत्येक गोष्टीचं उत्तर यायचं. आज ती बाई आठवली की तिच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो. तिशी उलटली, मुलगी शाळेत गेली तरी तशीच, आणि इतिहासात बी. ए. केल्याचा ताठा असा की जणू वॉटर्लूच्या मैदानावर हिला विचारूनच तोफा मांडल्या होत्या. आता मी आजी आहे. हे जाऊनही काही वर्षं झाली. धपाटा घालायला हात उचलते आणि मग वाटतं, जाऊ दे, तिच्याकडे जे होतं ते माझ्याकडे कुठं आहे?

हे शिपाई शिशाचे, बोटभर उंचीचे, नेपोलियनच्या काळच्या पोशाखातले. ते आमच्याकडे कसे आले ते आधी सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल इंदूरच्या छत्रीबागेत घरोघरी फ्रेंच फौज असायची. माझे पणजोबा संस्थानच्या नोकरीत होते. माहेरी 'आम्ही दरबारातले' असं सांगताना सगळ्यांचा आवाज जरा खाली यायचा आणि मान जरा वर जायची. प्रत्यक्षात पणजोबांच्या कमरेला काय होतं, तर राजपुत्रांच्या खेळण्यांच्या खोलीची किल्ली. विलायतेहून खेळणी यायची, राजपुत्र मोठे व्हायचे, आणि मोडकं-तोडकं पणजोबांच्या पदरात पडायचं. आमच्या घराण्याची फौज ती ही. कुणी लंगडा, कुणी बिनबंदुकीचा, एक घोडा स्वार हरवलेला.

लहानपणी दिवाळीत आम्ही अंगणात मातीचा किल्ला करायचो. दुसऱ्यांच्या किल्ल्यावर मातीचे मावळे, आमच्या किल्ल्यावर हे. पण महाराजांच्या किल्ल्यावर गोरे शिपाई कसे चालतील? म्हणून मी त्यांच्या अस्वलाच्या केसांच्या उंच टोप्यांना गेरू फासून त्यांची पागोटी केली. कपाळाला गंध लावलं. ज्यांना मिशा होत्या त्यांच्या काजळानं आणखी वाढवल्या. नेपोलियनची ती खास पलटण, जिच्या नुसत्या चालीनं म्हणे सगळा युरोप कापायचा, ती आमच्या दारात करंज्यांचा वास घेत कित्येक दिवाळ्या पहारा देत उभी होती. गेरू धुताना मूळचा रंगही गेला. माझ्या लग्नापर्यंत सगळे नुसते करड्या शिशाचे उरले होते.

लग्नात रुखवत मांडायचं ठरलं तेव्हा पंचाईत झाली. मला क्रोशा येत नव्हता, मण्यांचा ससा येत नव्हता, साखरेचं तुळशीवृंदावन करायला घेतलं ते मुंग्यांनी नेलं. मग मी ताटाभोवती पलटणी उभ्या केल्या. सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "सून आणली की छावणी?"

नवरदेवांनी तोवर माझ्याकडे धड बघितलंही नव्हतं. मुंडावळ्या बाजूला सारून ते ताटाशी उकिडवे बसले, एक शिपाई उचलला, त्याच्या पाठीवरून नख फिरवलं आणि म्हणाले, "ह्याचा रंग गेलाय."

त्यांना दुसरं काय दिसणार? ते परदेशीपुऱ्याकडच्या एका कापड मिलमध्ये रंगखात्यात होते. नखं कायम कुठल्या तरी रंगाची. सोमवारी हिरवी, गुरुवारी विटकरी. जेवताना मी ताटापेक्षा त्यांची नखंच बघायची. जगातली प्रत्येक वस्तू एकतर रंगवलेली असते नाहीतर रंगवायची राहिलेली असते, असं त्यांचं साधं तत्त्वज्ञान. म्हणून लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत त्यांनी काय केलं, तर मिलमधून चिमूटभर निळा रंग पुडीत बांधून आणला, माझ्या नव्या पातेल्यात पाणी तापवलं, सुताला घालतात तसं मीठ घातलं, आणि त्यात फ्रेंच पायदळ उकळायला टाकलं. मी बी. ए. झालेली, मी काय करावं? मी शेजारी उभी राहून पळीनं ढवळत होते.

शिपाई जसे गेले तसे बाहेर आले, फक्त गरम. पातेलं निळं झालं, पळी निळी झाली, यांची बोटं मनगटापर्यंत निळी झाली.

"शिसं रंग पीत नाही," हे खिन्न होऊन म्हणाले.

"कापूस आहे का तो?"

"हो ना. इतकी वर्षं पिणाऱ्यांमध्येच काढली, न पिणारा कुणी भेटलाच नाही."

त्या पातेल्यात पुन्हा स्वयंपाक केला नाही, एवढी अक्कल आम्हाला होती. मग आम्ही सायकलवाल्याकडून ऑइलपेंटच्या छोट्या डब्या आणल्या. मिलमधल्या सुताच्या रिकाम्या लाकडी बॉबिनवर मेणाचा थेंब पाडून त्यात शिपाई उभा करायचा, म्हणजे हाताचा धक्का न लागता तो हवा तसा फिरवता येतो. आधी पांढरा हात, मग कोटाचा रंग, आणि शेवटी टर्पेंटाइनमध्ये पाण्यासारखा पातळ केलेला काळा. तो सगळीकडून ओघळू द्यायचा आणि वरचेवर पुसून घ्यायचा. मग कोटाच्या चुण्यांत, बाह्यांच्या मुडपीत, पट्ट्याच्या कडेला तो आपोआप बसतो आणि शिशाचा गोळा एकदम कापड नेसल्यासारखा दिसायला लागतो. हे काम त्यांचं. डोळे काढायचं काम माझं, टाचणीच्या टोकानं. माझी अख्खी फौज तिरळी होती. "हे ज्याच्यावर नेम धरतील तो सुरक्षित," हे म्हणायचे.

खेळायची जागा गच्चीवरची पत्र्याची खोली. खोक्याच्या फळ्या जोडून पाट केला, त्याच्यावर हिरवं कापड, मिलमध्ये छटा चुकली म्हणून बाजूला पडलेलं. खाली पुस्तकं सारली की टेकड्या तयार. नियम आमचे आम्ही केले, म्हणजे भांडून केले. पायदळ एका चालीत एक वीत, घोडदळ दोन. गोळीबाराला कवड्या टाकायच्या, जितक्या उताण्या पडतील तितके समोरचे आडवे. पण यांची वीत म्हणजे माझी दीड. पहिल्याच लढाईत त्यांचं घोडदळ माझ्या तोफांवर येऊन आदळलं.

"ही लढाई आहे की हात मोजायची स्पर्धा?"

"मग तू बोटं ताण ना."

शेवटी ज्यानं त्यानं आपल्याच वितीनं चालायचं आणि त्या बदल्यात मला एक तोफ जास्त, असा तह झाला. ते कायम फ्रेंच, कारण निळा त्यांचा. मी कायम इंग्रज, कारण नेलपॉलिश माझं. लढाया आम्ही नावं घेऊन खेळायचो, पण कुठली कशी झाली होती हे मला बी. ए. पुरतंच ठाऊक होतं आणि त्यांना तेवढंही नाही, त्यामुळे कुणी कधीही जिंकू शकत होतं. मुलगी झाली, सासूबाई गेल्या, मुलगी शाळेत जायला लागली, आणि रविवारच्या दुपारी वर पत्र्याखाली युरोप पेटलेला असायचा.

मग मिल आजारी पडली. आधी एक पाळी गेली. मग पगार रेंगाळायला लागला. मग एका सकाळी फाटकावर कुलूप. तेव्हा टीव्हीवर रोज सांगून राहिले होते की आता देश उघडला, बाहेरचा माल येणार, बाहेरच्या कंपन्या येणार. पोहे खाता खाता हे म्हणाले, "सगळं उघडून राहिलेत, मग आमचं फाटक तेवढं कुणाला दिसेना का?" एवढंच. चिडणं त्यांच्यात नव्हतंच. इस्त्रीचा शर्ट घालून ते रोज फाटकापर्यंत जायचे, तिथं जमलेल्यांत उभे राहायचे, 'सुरू होणार, बोलणी चालू आहेत' हे ऐकायचे आणि जेवायला परत यायचे. नखं हळूहळू पांढरी झाली. इतकी वर्षं त्या रंगांच्या नावानं बोटं मोडणारी मी, पण ती पांढरी नखं मला बघवेनात.

म्हणून मीच एका दुपारी म्हटलं, "चला, आज वॉटर्लू मांडू. सगळी फौज, एकही शिपाई डब्यात नाही ठेवायचा."

मांडायलाच कितीतरी दुपारी गेल्या. मध्ये टेकडी, टेकडीपाशी काडेपेट्यांची शेतवाडी, ती माझ्याकडे. ती पडली किंवा त्यांची खास पलटण संपली की युद्ध संपलं. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की पाटावर उभं राहायला पायाखाली लावलेलं मेण मऊ होऊन शिपाई कलायचे, आणि लढायच्या आधीच निम्मी फौज पेंगायला लागायची. आमची लढाई अर्ध्यावर आली असेल-नसेल, तेवढ्यात सुरतेहून निरोप आला. तिथल्या एका रंगाईच्या कारखान्यात ओळखीचा एक जण लागला होता, यांच्यासाठी जागा होती. हंगामी, पण होती.

"चल तूही," हे म्हणाले.

आणि इथं आमच्या दरबारी बाईसाहेब काय म्हणाल्या? "मी? इंदूर सोडू? आमच्या घराण्यानं कधी इंदूर सोडलं नाही!" जणू पणजोबांनी खेळण्यांची खोली नव्हे, नर्मदेचा घाट अडवून धरला होता. पण मुलीची शाळा होती, आणि खरं म्हणजे फाटक उघडेल असं दोघांनाही वाटत होतं. वाटायचं नाही असं ठरवणं जमत नव्हतं.

"बरं. मिल सुरू झाली की येतोच," हे म्हणाले. मग वर गेले. मिलच्या एका जुन्या धोतराची किनार घेतली, पाटावर हात पसरला आणि आपल्या वितीएवढी पट्टी कापून माझ्या हातात दिली. "युद्ध थांबवायचं नाही. मी फोनवर चाल सांगेन, तू माझे शिपाई हलव. पण ह्या पट्टीनं. तुझ्या वितीनं हलवलंस तर कळेल मला."

"सुरतेत बसून?"

"कळेल."

फोन आमच्याकडे नव्हता. शेजारच्या काकूंकडे होता. गल्लीतल्या सगळ्यांनी आपल्या माणसांना काकूंचाच नंबर दिलेला, पुढं 'पी.पी.' लिहून. रविवारी सकाळी दर कमी असायचा म्हणून हे सुरतेतल्या एस.टी.डी.च्या रांगेत उभे राहायचे. इकडं काकूंच्या घरी पोह्यांवर शेव पडायची वेळ. काकू खिडकीतून ओरडायच्या, "अगं ए, जल्दी ये, तुझा सुरतवाला लाइनवर है!" मी पदर खोचत पळायची. फोन बैठकीत, झालरीच्या रुमालाखाली, आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीत काकू. त्या हलायच्या नाहीत. त्यांचा फोन, त्यांची खुर्ची, त्यांनी का हलावं? भरीला दोन खिडक्या उघड्या.

आता सांगा, अशा जागी नवऱ्याशी काय बोलणार? 'तुमची आठवण येते' असं काकूंच्या तोंडावर? आमच्या पिढीत तसं बोलून कुणी जिवंत राहिलं नव्हतं. पहिल्या रविवारी आम्ही दोघंही नुसते 'हो' आणि 'बरं' म्हणत राहिलो. मग ते म्हणाले, "बरं, डावीकडचे घोडे घे. दोन वीत पुढे, वाडीकडे."

"घोडे मरतील. समोर तोफ आहे माझी."

"मरू दे. कवड्या टाक संध्याकाळी, पुढच्या रविवारी सांग किती गेले."

फोन ठेवला तर काकू माझ्याकडे टक लावून. "घोडे? सुरतेत घोडे घेतले का गं त्यांनी? टांगा चालवतात की काय?"

खरं सांगावं लागलं. काकूंना वर नेऊन पाट दाखवला. त्या कमरेवर हात ठेवून फेरी मारून आल्या. "हे लाल तुझे? आणि निळे त्यांचे? आणि तो बिचारा तिथं परमुलखात एकटा, आणि तू इथं घरात बसून त्याची माणसं मारून राहिली?" त्या दिवसापासून काकू फ्रेंच झाल्या. रविवारी माझ्या हातात फोन देण्याआधी स्वतःच इंदुरी थाटात विचारायच्या, "भिया, आज काय करायचं ठरवलं? वाडी घेताय ना?" एकदा तर त्यांनी सल्लाही दिला, "मागून जा, मागून. ही समोरूनच बघून राहिली." मी म्हटलं, "काकू, हेर आहात तुम्ही." "मग? फोन कोणाचा आहे?"

संक्रांत जवळ आली तोवर मी जिंकायला आले होते. तेव्हाची मी! दर रविवारी त्यांचे किती गेले ते फोनवर असं सांगायची, जशी पेढे वाटते आहे. "तुमच्या मधल्या पलटणीचे चारच उरले. पाचवा होता, पण त्याचा डोळा इतका तिरळा की मला दया आली, मग मारला." ते तिकडून हसायचे. त्यांचं हसू तारेतून येताना बारीक होऊन यायचं, मुंगीनं हसल्यासारखं.

एके संध्याकाळी मी वर कवड्या टाकल्या, त्यांचे पडलेले उचलले, आणि पाटाकडे बघितलं. त्यांच्याकडे खास पलटण तेवढी उरली होती, गेरूच्या पागोट्यांतून सुटून आलेली. माझ्या तोफांचं तोंड तिच्याकडे. आणखी एक रविवार, फार तर दोन. मग मी फोनवर म्हणणार, 'संपलं.'

आणि त्याच्या पुढच्या रविवारी काय म्हणणार?

मी तिथंच फळीवर बसले. आम्ही इतके महिने युद्धाशिवाय एक शब्द बोललो नव्हतो. तुम्ही खाता काय, झोपता कुठं, हात-पाय दुखतात का, इकडं फाटकावर आता कुणी जमतसुद्धा नाही, मुलीला तुमचा आवाज आठवेनासा झालाय का असं मला रात्री वाटतं, ह्यातलं काहीच नाही. फक्त घोडे आणि तोफा. ते संपलं तर त्यांना रांगेत उभं राहायला कारण काय? इतिहासाच्या पदवीधर बाईला एवढं कळायला अख्खं वॉटर्लू लागलं.

मग मी हरायला लागले. आधी एक तोफ चुकून चिखलात रुतली असं ठरवलं. मग घोडदळ उगीच पाटाच्या पार कडेला पाठवलं, जिथं कुणी नव्हतं. फोनवर ते म्हणाले, "तिकडं कशाला?"

"टेहळणीला."

"कशाची? तिकडं तर पाटच संपतो."

"मला वाटलं."

"तुला वाटलं?" मग म्हणाले, "बरं."

तरी त्यांची खास पलटण मरायला टेकलेलीच. त्यांनी 'एक वीत पुढे' सांगितलं की ती थेट माझ्या बंदुकांच्या तोंडाशी यायची. मग मी त्यांची पट्टी जरा सैल धरायला लागले. पट्टी कापडाची, धरावी तशी धरता येते. एखादं बोट इकडे, एखादं तिकडे. पलटण बंदुकांच्या टप्प्याबाहेर राहायची. कवड्या टाकायची वेळच यायची नाही. असं रविवारमागून रविवार. काकू खूश. "बघ, किती दम आहे त्यांच्या माणसांत!" आणि मी फोन कानाला घट्ट लावून, चाल ऐकायची राहून, पलीकडच्या रांगेतल्या माणसांची कुजबुज, रस्त्यावरचे हॉर्न, आणि ह्यांचा श्वास ऐकत बसायची.

रंगपंचमीला ते आले. न कळवता. सकाळपासून गल्लीत रंगांच्या पिचकाऱ्या, राजवाड्याकडे रंगाची मिरवणूक, गेर निघालेली, ढोल घरात बसून ऐकू येत होते. हे कधीच रंग खेळायचे नाहीत. वर्षभर रंगात हात, तो दिवस त्यांच्या सुटीचा. पण स्टेशनवरून येताना गर्दीनं त्यांना सोडलं नव्हतं. दारात एक माणूस उभा, डोक्यापासून पायापर्यंत गुलाबी, हातात पिशवी. मुलगी किंचाळली. मी म्हटलं, "कोण पाहिजे?"

"छावणी इथंच ना?" तो माणूस म्हणाला.

अंघोळ, जेवण, मुलीचं मांडीवर बसून सगळं सांगणं, हे झालं आणि दुपारी आम्ही वर गेलो.  ते पाटासमोर उकिडवे बसले, जसे रुखवतासमोर बसले होते, आणि कितीतरी वेळ बघत राहिले. गुलाबी कानांच्या मागून घाम ओघळत होता. मग त्यांनी हात घातला आणि आपली खास पलटण उचलून, एकेक शिपाई, बंदुकांच्या अगदी तोंडाशी नेऊन ठेवली.

"ती तिथं नाही," मी म्हटलं.

"तिथंच आहे."

"तुम्हाला काय माहीत?"

"माझ्याकडं पण मांडलंय. ट्रंकेवर. मसूर तुझे, उडीद माझे. दर रविवारी खोलीवर गेलो की मी हलवायचो. मध्ये एकदा खोलीतल्या एकानं माझ्या घोडदळाची खिचडी केली, पुन्हा मांडलं." ते अजून पाटाकडेच बघत होते. "सुरतेत तर मी संक्रांतीनंतर लगेचच हरलोय."

 मी म्हटलं, "मग इतके रविवार फोन कशाला करत होतात?"

"काकूंना वाईट वाटलं असतं," हे म्हणाले.

मी हसले आणि मग मला रडूही आलं, आणि पत्र्याखाली उकाडा असा होता की कशाचं पाणी कुठून येतंय तेही कळेना. त्यांनी रडू दिलं. मग आपली वीत माझ्या पाठीवर ठेवली, पूर्ण पसरून, आणि म्हणाले, "तिकडं पक्कं करतायत मला. खोलीपण मिळेल, एक आणि स्वयंपाकघर. फाटक काही उघडत नाही गं आता. मी बघून आलो येताना. कुलपावर वेल चढलाय." मी पदरानं तोंड पुसलं. "विचार करून सांग," ते म्हणाले.

माझ्यासाठी विचार करणं म्हणजे काय, तर तिसऱ्या दिवशी ते गेल्यावर मी एकटीनं पाट उचलला. शिपाई डब्यात भरले, हिरवं कापड झटकलं, पुस्तकं खाली आणली. गच्चीवरून राजवाड्याच्या बाजूचं आकाश दिसायचं. इतकी वर्षं ते माझं आहे असं मला वाटायचं. त्या संध्याकाळी कळलं की मी ज्या इंदुराला धरून बसले होते ते त्या पाटाएवढंच होतं, आणि त्याची दुसरी बाजू सुरतेला गेली होती.

रविवारी काकूंची हाक आली. मी गेले. फोन हातात घेतला. काकूंना युद्ध संपल्याचं सांगितलं होतं, फ्रेंच हरले म्हणून त्या माझ्याशी दोन दिवस धड बोलल्या नव्हत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, फोनकडे बघितलं. "आता कसली चाल आणि कसलं काय," असं काहीसं पुटपुटल्या, मांडीवरचं निवडायचं सूप उचललं आणि उठून आत गेल्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. जाताना दार लोटून घेतलं.

"काकू आहेत का शेजारी?" तिकडून आवाज आला.

"नाहीत. आत गेल्या."

"मग बोल."

आणि जिला प्रत्येक गोष्टीचं उत्तर यायचं त्या बाईला काही सुचेना. मी झालरीचा रुमाल बोटाला गुंडाळत राहिले. तिकडं मीटर पळत होता. मग म्हटलं, "मी येते. मुलीची परीक्षा झाली की. आम्ही येतो."

तिकडं शांत. इतकं शांत की एस.टी.डी.वाल्याला वाटलं लाइन तुटली, तो मागून ओरडला, "भाई, चालू छे ने?"

"चालू आहे, चालू आहे," हे त्याला म्हणाले. मग मला म्हणाले, "ऐकू नाही आलं. पुन्हा सांग."

मी जरा मोठ्यानं पुन्हा सांगितलं. आतल्या खोलीत सुपाचा आवाज थांबला.

"फार खरखर आहे गं. पुन्हा."

पुढं सुरतेत आम्ही खूप वर्षं राहिलो, एकाच खोलीत, एकमेकांच्या पायात पाय येईल इतक्या जवळ. फौज तिथं एकदाही मांडली नाही. गरज पडली नाही म्हणा, किंवा जागा नव्हती म्हणा. हे गेल्यावर मी मुलीकडं इंदूरला परत आले. आता घरात प्रत्येकाच्या हातात फोन आहे. परगावी असलेल्या नातवाचा आवाज शेजारच्या खोलीतून यावा इतका स्वच्छ येतो, आणि एकदा सांगितलेलं सगळ्यांना पुरतं. मी कान फोनला लावून वाट बघते. कुणीतरी लांबून म्हणावं, ऐकू नाही आलं, पुन्हा सांग. आणि त्याला पहिल्यांदाच सगळं ऐकू आलेलं असावं.